नाच ‘बसवणे’ म्हणजे काय?

गॅदरिंग जवळ आले की कॉलेजात एक प्रश्न हमखास कानावर येतो : ‘यंदा मुलींचा नाच कोण बसवणार?’ नाच करायचा उभ्याने, आणि तो म्हणे बसवायचा! परभाषिकाला गंमत वाटेल. पण हे क्रियापद मोठे नेमके आहे.

‘बसणे’चे हे प्रयोजक रूप. दार चौकटीत बसवतात, खडा कोंदणात. वस्तू डुगडुगता कामा नये, सांध्यात फट राहता कामा नये, तिथे आपण ‘बसवणे’ म्हणतो. नाचातही तेच. कुठल्या मात्रेवर पाऊल पडायचे, फेर कुठे मोडायचा, हे ठरवणे हा पहिला भाग. ठरलेले नाचणाऱ्याच्या अंगात मुरेपर्यंत घोटून घेणे हा दुसरा. गाण्यात या दोहोंना दोन शब्द आहेत : चाल ‘लावतात’, मग गाणे ‘बसवून घेतात’. नाचात एकाच ‘बसवणे’ने दोन्ही भागते. तरीसुद्धा ‘नाच रचलाय, पण अजून बसला नाही’ असे म्हटले, की दुखणे कुठे आहे ते लगेच कळते.

इंग्रजीतल्या ‘कोरिओग्राफी’चा पिंड निराळा. ‘नाच’ आणि ‘लिहिणे’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून ती आली. १७०० साली पॅरिसमध्ये राऊल-ओझे फ्योये याने याच नावाचे पुस्तक काढले, ते नाच चिन्हांनी कागदावर कसा उतरवावा याविषयी! रचण्याचा अर्थ मागाहून चिकटला.

हा फरक नुसता कोशातला नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना ‘नाट्यकृती’त मोडते, पण ती लिहून वा अन्य रीतीने स्थिर केलेली हवी. म्हणजे कायद्याचा ओढा फ्योयेकडे! ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) मध्ये माणसांची रांग हीच भिंत होते. तिथे नृत्यरचनाकार म्हणून कृष्णदेव मुळगुंद यांचे नाव निदान नोंदलेले आहे. तोंडाने बोल म्हणत, हातांनी ताल देत ज्यांनी आयुष्यभर नाच बसवले, अशा कितीतरी मास्तरांचे आणि बायकांचे काम शिष्यांच्या अंगात पक्के बसले आहे. कागदावर मात्र ओळ नाही.

हल्ली ‘कोरिओग्राफ केला’ म्हणतात. म्हणोत बापडे. कार्यक्रमपत्रिकेत ‘नृत्यदिग्दर्शन’ही शोभते. पण रचना एकाची आणि तालीम दुसऱ्याची असेल, तर ‘रचना’ आणि ‘नाच बसवला’ अशा दोन ओळी छापाव्यात, दोघांच्याही नावांनिशी.