बाणांचे क्रमांक

वाटेच्या वळणावर पाटीवर काढलेला बाण पाहताच वाटसरूला कोणीकडे वळावे हे समजते. त्यासाठी अक्षरओळखही लागत नाही. संगणकाचे मात्र तसे नाही. त्याचा सारा व्यवहार आकड्यांतून चालतो. म्हणून प्रत्येक अक्षराला व चिन्हाला एकेक क्रमांक द्यावा लागतो. एक संगणक तो क्रमांक पाठवितो आणि दुसरा आपल्या कोष्टकात पाहून त्या क्रमांकाचे चिन्ह पडद्यावर उमटवितो. दोघांची कोष्टके निरनिराळी असली, तर अर्थाचा अनर्थ होतो.

बाणांच्या बाबतीत असेच घडले. अमेरिकेत १९६३ साली 'आस्की' नावाचे कोष्टक सिद्ध झाले. त्यात १२८ क्रमांकांची सोय होती. ९४ हा क्रमांक वरच्या दिशेच्या बाणाला आणि ९५ हा डाव्या दिशेच्या बाणाला मिळाला. परंतु १९६७ साली कोष्टकात सुधारणा झाली. ९४ वर छपराच्या आकाराचे लहानसे चिन्ह आले व ९५ वर अधोरेषा आली. दोन्ही बाणांचे स्थान गेले.

तरीही जुने कोष्टक काही ठिकाणी वापरात राहिले. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० नंतरच्या दशकात संगणकाला आज्ञा देण्यासाठी 'स्मॉलटॉक' ही भाषा तयार झाली. एखाद्या नावाला किंमत द्यावयाची असल्यास तीत डावा बाण लिहीत. हाच मजकूर नव्या कोष्टकाच्या संगणकावर नेला, की बाणाच्या जागी अधोरेषा दिसे. क्रमांक तोच होता. चिन्ह मात्र बदलले होते.

जगातील सर्व लिप्यांसाठी एकच कोष्टक असावे, या हेतूने १९९१ साली 'युनिकोड' प्रसिद्ध झाले. त्यात बाणांचा एक स्वतंत्र विभाग असून त्यात आज ११२ चिन्हे आहेत. डावा बाण ८५९२, वरचा ८५९३, उजवा ८५९४ आणि खालचा ८५९५, असा त्यांचा क्रम लागतो. देवनागरीतील 'अ' हे अक्षरही याच कोष्टकात २३०९ या क्रमांकावर आहे.

पूर्वीच्या अनुभवातून शहाणपण आले होते. चिन्हाला एकदा दिलेला क्रमांक पुन्हा काढून घ्यावयाचा नाही, हा नियम युनिकोडने १९९६ सालच्या आवृत्तीपासून पाळला आहे. त्यामुळे पुण्याहून पाठविलेल्या उजव्या बाणाचे वळण टोकियोत थोडे निराळे दिसेल; पण त्याची दिशा उजवीच राहील. दिलेला शब्द पाळल्याने माणसामाणसांतील विश्वास टिकतो; दिलेला क्रमांक पाळल्याने लिहिलेला मजकूर टिकतो.