मधल्या सुट्टीपर्यंत पोहोचायला हवं

नागपुरात समलिंगी आणि पारलिंगी माणसांची पहिली प्राइड पदयात्रा निघाली ती २०१६ मध्ये, सारथी ट्रस्टच्या पुढाकाराने. दोन वर्षांनी पारलिंगी कार्यकर्त्या विद्या कांबळे इथल्या लोकअदालतीच्या पॅनलवर बसल्या. रस्त्यावर आणि न्यायदानाच्या व्यासपीठावर या माणसांना मानाची जागा मिळाली. शाळेच्या मधल्या सुट्टीत मात्र ‘बायल्या’ हा शब्द आजही तितक्याच सहज फेकला जातो आणि तो झेलणारा मुलगा घरी काहीही न सांगता जेवायला बसतो. गेल्या तीन-साडेतीन दशकांकडे मागे वळून पाहायचं, ते त्या मुलासाठी.

महाराष्ट्रात सुरुवात मोठ्यांनी केली. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईतून ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी समाजाचं नियतकालिक काढलं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि पालकांना वाचता येईल अशा मराठीत लैंगिकतेवर पुस्तकं लिहिली. शाळा त्याच काळात उलट्या दिशेने गेल्या. २००७ मध्ये राज्याने किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रमच थांबवला. शरीराविषयी बोलायची चोरी झाल्यावर मनातल्या ओढीविषयी कोण बोलणार?

ही कोंडी फोडली ती विद्यार्थ्यांनी. आयआयटी मुंबईत २०११ मध्ये समलिंगी आणि पारलिंगी विद्यार्थ्यांसाठी ‘साथी’ हा गट सुरू झाला. वसतिगृहात एकट्या पडलेल्या मुलाला आपल्यासारखं कुणीतरी भेटावं आणि इतरांनाही मोकळेपणाने प्रश्न विचारता यावेत, एवढीच त्यामागची गरज. पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेत क्विअर कलेक्टिव्ह आलं. विद्यार्थ्यांच्या मागणीतून तिथे वसतिगृहात लिंगभाव न विचारता राहता येईल अशी सोय झाली.

शाळेच्या पातळीवरचं ठळक उदाहरण दिल्लीचं. वसंत विहारच्या टागोर इंटरनॅशनल स्कूलमध्ये २०१३ च्या सुमारास मुलांनी समलिंगी आणि पारलिंगी माणसांविषयीचे गैरसमज दूर करणारी ‘ब्रेकिंग बॅरियर्स’ ही मोहीम उभारली. २०१३ च्याच डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू केलं, तरी शाळकरी मुलं या विषयावर बोलत राहिली. अमेरिकेत अशा गटांची मोठी लाट आली तिची सुरुवातही एका विद्यार्थिनीपासूनच झाली होती. मॅसॅच्युसेट्सच्या कॉन्कॉर्ड अकॅडमीत १९८८ मध्ये इतिहासाचे शिक्षक केव्हिन जेनिंग्स यांच्याकडे ती मुलगी गट काढायचा विचार घेऊन आली. ती स्वतः समलिंगी नव्हती, तिची आई होती. आईची टिंगल तिला ऐकवत नव्हती. म्हणून तो गट सगळ्यांसाठी खुला राहिला: ज्यांच्यावर बेतलंय त्यांच्यासाठी आणि त्यांच्या बाजूने उभं राहू इच्छिणाऱ्यांसाठीही. गटात येणाऱ्याला स्वतःविषयी काहीच जाहीर करावं लागत नाही, हे त्याचं खरं बळ.

दरम्यान कायदा बदलत गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालाने पारलिंगी ओळख मान्य केली. २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि लिंगभाव यांवरून होणारा छळ घातला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ चा धाक संपला. त्या लढ्यात आयआयटीचे वीस आजी-माजी विद्यार्थीही याचिकाकर्ते होते. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पालक-शिक्षक संघांमार्फत पालकांना जागरूक करण्याची सूचना केली. त्याच वर्षी एनसीईआरटीने पारलिंगी मुलांबाबत शिक्षकांसाठी पुस्तिका तयार केली, पण बालहक्क आयोगाने आक्षेप घेताच ती संकेतस्थळावरून उतरवली गेली. वर्गाजवळ आलेली मदत उंबरठ्यावरूनच परतली.

या सगळ्या वाटचालीत मला एक रिकामी जागा दिसते. यूजीसीचा नियम महाविद्यालयात लागू होतो. स्वयंसेवी संस्थांचे आधारगट मुख्यतः अठरा वर्षांवरच्यांसाठी चालतात, कारण अल्पवयीनांबाबत कायद्याची जबाबदारी मोठी असते. म्हणजे ज्या वयात मुलाला स्वतःविषयी पहिल्यांदा कळू लागतं, त्या तेराव्या ते सतराव्या वर्षांत घराबाहेर त्याला शाळेखेरीज दुसरा आसरा नाही. घरात बोलता येत नसेल, तर शाळा हीच त्याची शेवटची आशा.

नागपुरात कवायत, वक्तृत्व, विज्ञान यांची मंडळं शाळाशाळांत आहेत. टिंगलीविरुद्ध एक विद्यार्थी मंडळ त्यांत बसू शकतं. त्याला लागतं काय? आठवड्यातला एक तास, विश्वासाचा एक शिक्षक, ऐकलेलं बाहेर न नेण्याचा नियम आणि ‘मुलं बिघडतील’ म्हणणाऱ्या पालकांशी शांतपणे बोलणारे मुख्याध्यापक. त्या तासात प्रेमप्रकरणांची चर्चा व्हायची नाही, एकमेकांना माणसासारखं वागवायचं शिक्षण व्हायचं. मुलांनी ठिकठिकाणी आपलं काम करून दाखवलं आहे. आता त्यांना तो तास देणं हे शाळेतल्या मोठ्यांचं कर्तव्य आहे.