आजोबांची जीप आणि बोल्टवरचा ‘एफ’

दिंडोरी म्हटले की आपल्याला द्राक्षे आठवतात. पण या तालुक्यातल्या एखाद्या जुन्या वस्तीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटमागे धूळ खात उभी असलेली जीपही दिसू शकते. टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांचे बिऱ्हाड. घरची मंडळी कौतुकाने सांगतात, ‘आजोबांची मिलिटरी जीप!’ मग एक दिवस शहरातून शौकीन गिऱ्हाईक येते, गाडीखाली बॅटरीचा झोत मारते आणि भंगारापेक्षा थोडा बरा भाव सांगते. त्या झोतात त्याने काय पाहिले, हे घरातल्यांना ठाऊक नसते. ते ठाऊक असावे, म्हणून हा प्रपंच.

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर आपल्या देशात राहिलेल्या लष्करी गाड्या लिलावात निघाल्या. ‘डिस्पोजलची गाडी’ हा शब्द तेव्हाचा. पुढे महिंद्रांनी विलीजच्या परवान्याने जीप जोडायला आणि नंतर इथेच बनवायला सुरुवात केली. त्यामुळे आपल्याकडे दोन घराण्यांच्या जीपगाड्या आढळतात, आणि हिरवा रंग फासून दुसरीला पहिलीचे सोंग देणे फारसे अवघड नाही.

सोंग ओळखायचे कसे? युद्धातल्या जीपचे स्टिअरिंग डावीकडे असते. पुढच्या पत्र्याच्या जाळीला बहुधा नऊ उभ्या फटी असतात आणि दिवे लहान, जाळीच्या आत बसवलेले. नागरी जीपला फटी सात, दिवे मोठे, बाहेर आलेले. महिंद्रांच्या जुन्या ‘सीजे-३बी’चे बॉनेट तर उंच इंजिनामुळे लांबूनही ओळखू येते. आता वाकून पाहा. विलीजच्या चेसिसचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, तर फोर्डचा उलट्या पन्हळीसारखा. फोर्डने आपल्या बहुतेक भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, वळणदार ‘एफ’ ठोकला होता. ऐंशी वर्षांचे ग्रीस पुसल्यावर ते अक्षर दिसते तेव्हा शौकिनांच्या डोळ्यांत पाणी येते म्हणतात. खोटे नसावे!

मात्र गंमत अशी, की आता ‘एफ’ ठोकलेले नवे बोल्टही मिळतात. फिलिपीन्समध्ये या जीपची अख्खी बॉडी नव्याने तयार होते. खूण हाच पुरावा मानणाऱ्याची तिथे फसगत होते.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला इथे सही आठवते. कोणत्याही माणसाच्या दोन सह्या तंतोतंत सारख्या नसतात. नमुन्याशी रेघेला रेघ जुळणारी सही आली, तर जाणता अधिकारी खूश होत नाही, सावध होतो. जुन्या भागांचेही तसेच. चाळीसच्या दशकातल्या भागाची झीज त्याच्या कामाप्रमाणे असते: पाना लागतो तिथे कडा गोल, घासतो तिथे धातू गुळगुळीत, पाणी साचते तिथे गंजाचे बारीक खड्डे. घाईने जुना केलेला भाग सगळीकडे सारखाच गंजलेला असतो. या गाड्यांचे आटे इंची मापाचे. तेव्हा बोल्टला मिलिमीटरचा पाना चपखल बसला, तर तो मागाहून आला असावा अशी शंका घ्यावी. पत्र्यावर लोहचुंबक फिरवावे. चिकटला नाही तिथे बहुधा रंगाखाली पुटी आहे. आणि कर्ज देताना आम्ही घेत असू तसा चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घेऊन तो आर.सी. बुकाशी ताडून पाहावा. ठोकलेल्या आकड्यांभोवती ताजे घासल्याची खूण दिसली, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

याचा अर्थ नवा भाग वाईट, असा मुळीच नाही. ब्रेकचे रबर, होजपाइप, वायरिंग या गोष्टी नव्याच हव्यात. पन्नास वर्षे डब्यात पडून कडक झालेले ‘ओरिजिनल’ रबर घाटात जीव घेईल. नवा भाग लबाड नसतो. त्याला जुना म्हणून विकणारा लबाड असतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरिन सनदेतही हाच विवेक आहे: नव्याने घडवून बसवलेला भाग खुणेने ओळखू यावा. आपल्या सरकारनेही २०२१ मध्ये नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केला, तर मात्र हा मान मिळत नाही.

म्हणूनच खरा धोका असतो तो दुरुस्तीच्या वेळी. गाडी गॅरेजला जाते, चकचकीत होऊन परत येते, घरचे पेढे वाटतात. आणि तिचा मूळ कार्ब्युरेटर, डॅशबोर्डवरची मीटरे, ‘एफ’चे बोल्ट कुणा दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसलेले असतात. तेव्हा गाडी देण्यापूर्वी तिचे सर्व बाजूंनी फोटो काढा, नंबर टिपून ठेवा, बिलावर ‘नवीन बनावटीचा भाग’ असे स्पष्ट लिहून घ्या. आणि काढलेला प्रत्येक जुना भाग, गंजका का असेना, गोणीत भरून परत मागा. मेकॅनिक हसला तर हसू द्या. ती गोणी आणि ती फाइल गाडीच्या शेजारीच ठेवा. उद्या नातवंडांनी विचारले, की हिच्यातले आजोबांच्या वेळचे नेमके काय उरले आहे, तर बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.