क्लच प्लेट का घसरली?

लातूरहून नांदेडला परत येत होतो. अहमदपूर सोडल्यावर एका चढावर आमच्या जुन्या मारुती ८००चे इंजिन एकाएकी घोंगावू लागले. गाडी मात्र मंदावली. पाठोपाठ जळकट वास आला. (ही मोटार १९८३ साली आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले, तरी आमची अजून चालते.) कशीबशी लोह्यामार्गे घर गाठले.

माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. तो म्हणाला, "सर, क्लच प्लेट गेली. तुम्ही घर्षण शिकवता ना? मग या खेपेला स्वतःच उघडून बघा. रविवारी मी येतो मदतीला."

विद्यार्थीमित्रांनो, इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक फिरत असते. त्याच्यासमोर, गिअरबॉक्सच्या दांड्यावर, क्लच प्लेट बसते. तिच्या दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर असते. प्रेशर प्लेटची स्प्रिंग तिला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते आणि मग दोन्ही एकत्र फिरतात. पेडल दाबले की हा दाब सुटतो.

समजा, स्प्रिंगचा दाब २,५०० न्यूटन, घर्षणांक ०.३ आणि अस्तराची सरासरी त्रिज्या ७ सेंटिमीटर आहे. एका अंगावरचे घर्षण ७५० न्यूटन, दोन्ही अंगांचे मिळून १,५००. त्याला ०.०७ मीटरने गुणले की १०५ न्यूटन-मीटर इतके बल-आघूर्ण मिळते. या मोटारीचे इंजिन जास्तीत जास्त ६०च्या आसपास देते. म्हणजे पकड भरपूर झाली. पण या गुणाकारात अस्तराचे क्षेत्रफळ कुठे आले? कुठेच नाही! मग अस्तर रुंद कशाला? घसरताना निर्माण होणारी उष्णता आणि झीज मोठ्या पृष्ठभागावर वाटली जावी म्हणून. अस्तर अतिशय झिजले की स्प्रिंगचा दाब कमी पडतो, तापले की घर्षणांक उतरतो. दाब १,८०० आणि घर्षणांक ०.२ धरा; उत्तर ५० येईल. इंजिन जिंकते, प्लेट घसरते, घसरल्याने आणखी तापते. चढावर नेमके हेच झाले होते.

रविवारी गाडी लोखंडी स्टँडवर चढवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. बॅटरी सोडणे, गिअर ऑइल काढणे, चाकांचे दांडे ओढून घेणे यात दुपार झाली. नववीतली मुलगी बॅटरी धरून उभी होती. गिअरबॉक्स दोघांनी मिळून उतरवला. आतली काळी धूळ मी फुंकणार, तोच विद्यार्थ्याने हात धरला. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात. ओल्या फडक्याने पुसले. नव्या प्लेटवर रिव्हेटांची डोकी अस्तरात खोल बुडालेली होती; आमच्या प्लेटवर ती पृष्ठभागाला टेकली होती.

नवी प्लेट मी नजरेच्या अंदाजाने मध्यावर ठेवली आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळले. मग गिअरबॉक्स काही केल्या आत जाईना. तासभर घाम गाळला. प्लेट स्वतःच्या वजनाने किंचित खाली सरकली होती, त्यामुळे दांडा तिच्या मधल्या खाचांत शिरत नव्हता. शेवटी बोल्ट सैल केले, एका गोल काठीला चिकटपट्टी गुंडाळून ती प्लेटमधून फ्लायव्हीलच्या मध्यात घातली आणि समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळले. गिअरबॉक्स पहिल्याच ढकलीत बसला.

"सर, चालवताना पाय पेडलवरच ठेवता का?" विद्यार्थ्याने विचारले. ठेवत होतो. लातूरच्या गंजगोलाईत तर, जिथे सोळा रस्ते येऊन मिळतात, अर्ध्या क्लचवरच गाडी सरकवत होतो. इंजिनचा वेग स्थिर ठेवून गाडी सुरू केली, तर चाकांना जितकी गतिज ऊर्जा मिळते तितकीच क्लचमध्ये उष्णता होते. ८०० किलोग्रॅमची भरलेली गाडी ताशी २० किलोमीटरवर नेताना हा आकडा सुमारे १२,००० ज्यूल येतो. तेवढ्यात १०० ग्रॅम पाणी जवळजवळ २९ अंशांनी तापेल, आणि हे एकदा सुरू करण्याचे! चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरली, तर गाडी तसूभर हलत नाही आणि सगळीच ऊर्जा अस्तर तापवण्यात जाते.

आता लातूरला जाताना मुलगी पुढच्या सीटवर बसते. तिची नजर रस्त्यावर कमी आणि माझ्या डाव्या पायावर जास्त असते.