भावंडाच्या मगजाचे दान

घरातील कर्त्या माणसाला रक्ताचा तीव्र कर्करोग, म्हणजे ॲक्यूट ल्युकेमिया झाला आणि डॉक्टरांनी "भावाबहिणींची तपासणी करू" असे सांगितले, की घरात कुजबूज सुरू होते. हाडातला मगज दिल्यावर नांगर धरण्याची ताकद राहील काय? या भीतीचा आज आपण विचार करू.

आपले रक्त हाडांच्या मगजातील मूलपेशींपासून तयार होते. या रोगात तेथे कच्च्या पांढऱ्या पेशी तणासारख्या माजतात. मग चांगले रक्त बनत नाही. अशक्तपणा, वरचेवर ताप, हिरड्यांतून रक्त अशी लक्षणे दिसतात. प्रथम केमोथेरपीने हे तण काढतात. काही रोगी तेवढ्यानेच बरे होतात. रोग उलटण्याचा धोका मोठा असेल, तर दुसऱ्याच्या निरोगी मूलपेशींचे रोपण सुचवतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात असे रोपण १९८३ साली झाले.

यासाठी रक्तगट जुळलाच पाहिजे असे नाही; पेशींवरील 'एचएलए' नावाच्या खुणा जुळाव्या लागतात. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक, म्हणून शक्य तितक्या भावंडांनी तपासून घ्यावे. कोणी न जुळल्यास निम्मे जुळणारे आई, वडील किंवा मुलेही आता चालू शकतात.

दात्याला बहुधा चार-पाच दिवस इंजेक्शने देतात. मग दंडातील रक्त यंत्रातून फिरवून मूलपेशी वेगळ्या काढतात व उरलेले रक्त परत देतात. काही दिवस हाडे दुखतात. कधी भूल देऊन कमरेच्या हाडातून मगज काढतात. उपसलेली विहीर झऱ्याने भरावी तसा तो काही आठवड्यांत भरून येतो. ताकद कायमची जात नाही.

खरी कसोटी रोग्याची. जोरदार औषधांनंतर नव्या पेशी शिरेतून देतात. त्या रुजायला दोन ते चार आठवडे लागतात. या काळात जंतुसंसर्गाचे भय असते. नव्या पेशी उरलेला कर्करोग मारतात, पण कधी रोग्याच्या कातडीवर, आतड्यांवर व यकृतावरही उलटतात. सर्वच रोगी वाचतात असे नाही.

घरी आल्यावरही कित्येक महिने गोठा, शेणखत, बुरसटलेला कडबा आणि मळणीची धूळ यांपासून त्याला दूर ठेवावे. त्यातील बुरशी फुप्फुसात शिरते. तेवढे दिवस त्याचे शेत इतरांनी सांभाळावे.

दान मनापासूनच हवे, कोणावर जबरदस्ती करू नये. परंतु केवळ ऐकीव भीतीपोटी आपण मागे राहू नये.