दाताचा गेलेला आधार

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या वेळची नेत्ररोग्यांची टिपणे जपून ठेवलेली आहेत. रोग्याची अवस्था आणि केलेले उपचार त्यांत नमूद असून डोळ्यांची चित्रेही काढलेली आहेत. नोंदीवाचून उपचाराचे मोल कळत नाही, हा त्यांतील धडा हिरड्यांच्या शस्त्रक्रियेलाही लागू पडतो.

दात हा जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळावर सिमेंट नावाचा पातळ थर असतो. त्यातून निघालेले असंख्य तंतू हाडात शिरतात आणि दाताला जणू झोळीत तोलून धरतात. दातांवर साचलेल्या किटणातील जंतूंमुळे हिरडी सुजते. पुढे ती मुळापासून सुटते, तेथे खाच पडते, तंतू नाश पावतात व हाड झिजते. यालाच लोक पायोरिया म्हणतात.

शल्यचिकित्सक हिरडी बाजूस सारून मूळ खरवडून स्वच्छ करतो. तरी एक अडचण उरते. हिरडीच्या पृष्ठावरील पेशी भराभर वाढून मुळालगत खाली उतरतात. तंतू निर्माण करणाऱ्या पेशी मात्र सावकाश येतात व त्यांना जागाच उरत नाही. जखम भरते, पण आधार परत येत नाही. ज्या पेशी मुळावर आधी पोहोचतील त्यांवर जखम भरण्याचे स्वरूप अवलंबून असते, असा विचार मेल्चर यांनी १९७६ मध्ये मांडला. १९८२ मध्ये स्वीडनमधील निमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रोग्याच्या हिरडीत व दाताच्या मुळात बारीक पडदा ठेवला. त्याने चपळ पेशी अडविल्या. मंद पेशींना अवधी मिळाला. तीन महिन्यांनी दात काढून तपासला, तेव्हा मुळावर नवे सिमेंट व त्यात रुजलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. पुढे आपोआप विरघळणारे पडदे व अस्थिचूर्ण ही साधनेही वापरात आली.

मात्र हा उपाय सरसकट लागू पडत नाही. मुळाशेजारी खोल व अरुंद खड्डा असेल तर चांगला गुण येतो. हाड सर्व बाजूंनी सारखेच खाली गेले असेल तर आशा थोडी. धूम्रपान व अनियंत्रित मधुमेह यांमुळेही यश कमी होते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी खाचेची खोली मिलिमीटरांत मोजतात, क्ष-किरणचित्र घेतात आणि सहा महिन्यांनी किंवा वर्षाने दोन्ही पुन्हा ताडून पाहतात.

दात घासताना हिरडीतून रक्त येणे ही पहिली सूचना होय. ती वेळीच ओळखली, तर हा सारा खटाटोप बहुधा टळतो.