लोहगांवची धावपट्टी आणि अपघाताचें कारण

ता. १४ ऑक्टोबर २०१४ रोजीं लोहगांवच्या वायुसेना-तळावरून सरावासाठीं निघालेलें एक सुखोई-३० विमान परततांना थेऊरजवळच्या शेतांत कोसळलें. दोघेही वैमानिक आसनांसह बाहेर फेकले गेले व हवाई छत्रीनें सुखरूप उतरले. जमिनीवरही कोणी दगावलें नाहीं. परंतु वैमानिकांचें म्हणणें असें प्रसिद्ध झालें कीं, आसनें त्यांनीं उडविलीं नाहींत, तीं आपोआप उडालीं. सुमारें दोनशें सुखोई विमानें कांहीं आठवडे जमिनीवर राहिलीं. विमान व आसन दोहोंचीही रचना रशियन. रशियन तज्ज्ञ येऊन गेले, आणि तिकडील वृत्तसंस्थांतून मानवी चुकीची बातमी आली. ती वायुसेनेनें नाकारली व चौकशी पुरी व्हावयाची आहे असें सांगितलें. संपूर्ण अहवाल प्रसिद्ध करण्याची रीतच नसल्यामुळें ह्या वादाचा निवाडा थेऊरच्या शेतकऱ्यानें करावा तरी कसा? आपल्या उंसावर पुन्हां विमान पडेल कीं काय, एवढेंच त्याला जाणून घ्यावयाचें असतें.

ह्याच लोहगांवच्या धावपट्टीवरून पुणेंकरांचीं प्रवासी विमानें उडतात. त्यांतील एखाद्यास मोठा अपघात झाला, तर २०१२ सालीं स्थापन झालेली सरकारी अपघात-अन्वेषण संस्था शोध करते व तिचा अंतिम अहवाल कोणासही वाचतां येतो. लढाऊ विमानाची गोष्ट निराळी. १९४४ च्या शिकागो करारानें लष्करी विमानें आपल्या कक्षेबाहेर ठेविलीं आहेत. वायुसेना आपल्याच अधिकाऱ्यांची ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ नेमते. माहितीच्या अधिकारांत तिचा अहवाल मागितल्यास देशाच्या सुरक्षिततेचें कलम आड येऊं शकतें.

गुप्ततेस सबळ कारणही आहे. आपला शब्द उद्यां आपल्याच शिक्षेस कारण होईल अशी धास्ती असल्यास कोणता वैमानिक वा तंत्रज्ञ मन मोकळें करील? अमेरिकन वायुसेनेनें ह्यावर तोड काढली आहे. ती एकाच अपघाताच्या दोन चौकशा करते: पहिली सुरक्षिततेपुरती, तींतील साक्षी गोपनीय, दुसरी निराळा पुरावा गोळा करते, आणि तिचा अहवाल नातेवाइकांना व लोकांना खुला असतो.

गुप्ततेचा दुरुपयोगही त्याच देशानें पाहिला. १९४८ सालीं जॉर्जियांतील वेक्रॉस येथें बी-२९ विमान पडून नऊ जण मेले. त्यांतील तीन मुलकी तंत्रज्ञांच्या विधवांनीं अहवाल मागितला. १९५३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो न पाहतांच सरकारचें गुपित मान्य केलें. अर्ध्या शतकानें तो उघड झाला, तेव्हां त्यांत इंजिनाची आग व न केलेली दुरुस्ती दिसली. ज्या गुप्त यंत्रांसाठीं तो दडविला, त्यांचें वर्णन त्यांत जवळजवळ नव्हतेंच.

भारतांतही पडदा अधूनमधून किलकिला होतो. ता. ८ डिसेंबर २०२१ रोजीं कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचें हेलिकॉप्टर कोसळलें. जानेवारी २०२२ मध्यें प्राथमिक निष्कर्ष जाहीर झाले: हवामान अकस्मात् पालटून हेलिकॉप्टर ढगांत शिरलें व वैमानिकाला दिशाभ्रम झाला, यांत्रिक बिघाड, घातपात वा निष्काळजीपणा नव्हता. डिसेंबर २०२४ मध्यें संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालांत २०१७ ते २०२२ ह्या काळांतील ३४ अपघातांचा तपशील आला. त्यांत ह्या अपघाताचें कारण दिलें आहे: वैमानिकांची मानवी चूक. एवढेंच.